तांबे तिकडून, मोटारी इकडून : भारत-चिली व्यापाराचे गणित

अँडीज पर्वत आणि प्रशांत महासागर यांच्यामधील चिंचोळ्या पट्टीत चिली हा देश वसला आहे. लांबी चार हजार किलोमीटरहून अधिक, लोकसंख्या मात्र अवघी दोन कोटींच्या आसपास. मुंबईत सायंकाळी कार्यालये बंद होऊ लागतात, तेव्हा सांतियागो येथे कामकाजाचा दिवस नुकताच सुरू होत असतो. एवढे अंतर असूनही उभय देशांमधील व्यापाराला दीर्घ परंपरा आहे. राजनैतिक संबंध १९४९ मध्ये प्रस्थापित झाले आणि व्यापारविषयक करार १९५६ मध्येच झाला.

या व्यापाराचा कणा म्हणजे तांबे. राजस्थानातील खेत्री व मध्य प्रदेशातील मलांजखंड येथील खाणींतून भारताची गरज भागत नाही. त्यामुळे गुजरातेतील दहेज येथील कारखान्यासारख्या प्रकल्पांना तांब्याचे समृद्ध केलेले खनिज परदेशातून मागवावे लागते. जगातील खाणींतून निघणाऱ्या तांब्यापैकी सुमारे चतुर्थांश तांबे एकट्या चिलीत निघते. जगातील सर्वांत मोठी तांब्याची खाण, एस्कोंदिदा, तेथील अताकामा वाळवंटात आहे. साहजिकच, आंतरराष्ट्रीय बाजारात तांब्याचा भाव चढला की आपल्या आयातीचा आकडाही फुगतो. ‘व्यापार वाढला’ असे वृत्त वाचताना माल वाढला की केवळ भाव वाढला, हे तपासून पाहणे इष्ट. अलीकडे विद्युत वाहनांच्या बॅटऱ्यांसाठी लागणाऱ्या लिथियममुळेही चिलीकडे भारताचे लक्ष वेधले गेले आहे.

निर्यातीच्या बाजूला मोटारी, औषधे, कापड व रसायने आहेत. चिलीत मोटारी बनवणारे कारखाने उरलेले नाहीत. त्यामुळे भारतात तयार झालेल्या छोट्या मोटारी आणि पिकअप वाहने तेथील रस्त्यांवर सहज दिसतात. उत्तरेकडील इकीके बंदरात १९७५ पासून मुक्त व्यापार क्षेत्र असून तेथे सिंधी व्यापाऱ्यांनी चांगलाच जम बसवला आहे. दूरच्या बंदरात आपला माणूस असणे याचे मोल कोणत्याही कराराहून कमी नाही.

८ मार्च २००६ रोजी उभय देशांनी प्राधान्य व्यापार करारावर स्वाक्षऱ्या केल्या व २००७ मध्ये तो अंमलात आला. तेव्हा चिलीने २९६ आणि भारताने १७८ वस्तू-शीर्षांवर सवलत दिली होती. १६ मे २०१७ पासून लागू झालेल्या विस्तारित करारात हे आकडे अनुक्रमे १,७९८ व १,०३१ झाले. चिलीने दिलेली सवलत ३० ते १०० टक्के आहे. मात्र ही सवलत मूळ जकातीवर मिळते, आणि चिलीची सर्वसाधारण जकातच मुळी ६ टक्के आहे. म्हणजे ३० टक्के सवलतीचा अर्थ शंभर रुपयांमागे १ रुपया ८० पैसे एवढाच होतो.

लहान निर्यातदाराच्या दृष्टीने हिशेब मांडून पाहू. समजा, मालाची किंमत ४० लाख रुपये आहे. माल तयार होण्यास एक महिना, सागरप्रवासास दीड महिना आणि माल पोहोचल्यावर ७५ दिवसांची उधारी, असे १५० दिवस पैसा अडकतो. सालीना ९ टक्के दराने त्यावरील व्याज सुमारे १ लाख ४८ हजार रुपये होते. ३० टक्के सवलतीत वाचणारी जकात ७२ हजार. संपूर्ण माफी असली तर २ लाख ४० हजार. शिवाय ही बचत प्रथम होते ती चिलीतील आयातदाराची! शिवाय चीनसह ज्या अनेक देशांशी चिलीचे मुक्त व्यापार करार आहेत, त्यांचा बहुतेक माल तेथे जकातीविना उतरतो. सवलतीमुळे भारतीय निर्यातदार पुढे जातो असे नव्हे. तो स्पर्धकांच्या रांगेत येऊन उभा राहतो, इतकेच.

म्हणूनच येथे बँकेची भूमिका निर्णायक ठरते. मालाच्या सिद्धतेसाठी पॅकिंग क्रेडिट, रक्कम बुडण्याच्या जोखमीसाठी १९५७ मध्ये स्थापन झालेल्या ईसीजीसीचा विमा आणि अपरिचित ग्राहकाच्या बाबतीत लेटर ऑफ क्रेडिट ही साधने उपलब्ध आहेत. यातील शेवटच्या साधनाबाबत दक्षता आवश्यक आहे. बँका माल पाहत नाहीत, कागद पाहतात. पत्रातील मालाचे वर्णन व बीजकातील वर्णन जुळले नाही, किंवा वेगळी मुदत दिलेली नसताना माल जहाजावर चढल्यापासून २१ दिवसांत कागदपत्रे सादर झाली नाहीत, तर उत्तम माल पाठवूनही रक्कम अडकू शकते. सवलत हवी असल्यास मूळदेश प्रमाणपत्रही वेळीच मिळवावे लागते.

ऋतूंचा विरोध हाही या व्यापारातील एक लाभ होय. काश्मीरचा अक्रोड शरदात उतरतो, चिलीचा मार्च ते मे या काळात. त्यामुळे दिवाळीच्या सुकामेव्याच्या खरेदीआधीच तो भारतीय बाजारात पोहोचू शकतो. सफरचंदांचेही तसेच आहे.

एप्रिल २०२५ मध्ये चिलीचे तत्कालीन अध्यक्ष गाब्रिएल बोरिच भारतभेटीवर आले होते. त्यानंतर ८ मे २०२५ रोजी सर्वसमावेशक आर्थिक भागीदारी कराराच्या वाटाघाटींची कार्यकक्षा निश्चित करण्यात आली. आपल्या मालाचे वस्तू-शीर्ष सध्याच्या यादीत आहे काय आणि सवलत नेमकी किती, हे चिलीतील ग्राहकाला दर कळवण्यापूर्वीच पाहून घेणे निर्यातदाराच्या हिताचे आहे.