वाशिमहून मुंबईत मुक्काम करताना

वाशिम, मालेगावकडची माणसं अकोल्याहून अमरावती एक्सप्रेस धरतात आणि पहाटे दादरला उतरतात. बहुतेक हॉटेलांत मात्र खोली दुपारी 12 नंतर मिळते. आधी हवी तर जादा पैसे. म्हणून फोनवर भाड्याच्या आधी विचारावं, “चोवीस तासांच्या हिशेबानं खोली देता का?” पहाटे 6 ला घेतलेली अशी खोली दुसऱ्या दिवशी पहाटे 6 पर्यंत आपलीच, एका दिवसाचं भाडं वाचतं.

कन्फर्म तिकीट असेल तर रेल्वेची रिटायरिंग रूम पीएनआरवर आधीच आरक्षित करता येते. सीएसएमटीला उतरणाऱ्यांनी आधी तीच पाहावी.

परळच्या टाटा रुग्णालयात पेशंट घेऊन जाणाऱ्यांनी मात्र लॉज शोधत फिरू नये. दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा आहे. आपल्याच वऱ्हाडातल्या शेंडगावच्या या माणसाने मुंबईत गोरगरिबांच्या मुक्कामाची सोय केली, हे मला फार मोलाचं वाटतं. तिथे गर्दी असते, त्यामुळे पेशंटची फाईल आणि आधारकार्ड घेऊन रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात आधी चौकशी करावी.

खोली ठाण्या-कल्याणकडे स्वस्त पडते. पण काम सकाळी 9 चं असेल, तर भरलेल्या लोकलमध्ये म्हाताऱ्या माणसाला चढवणं जिवावर येतं.