लिंक्डइनवर फुकट अकाऊंटवरून मेसेज कुणाला करता येतो? मालवणातून नोकरी शोधणाऱ्यांसाठी सोप्पा हिशोब

मालवणात बसून पुण्या-मुंबईत नोकरी शोधणाऱ्या पोरापोरींचा एक अनुभव सारखाच असतो. लिंक्डइनवर अकाऊंट उघडायचं, कंपनीतला एचआर शोधायचा, ‘मेसेज’वर क्लिक करायचं आणि समोर येतं काय, तर प्रीमियम घ्या. महिन्याला पैसे भरा. मग वाटतं, हे आपल्यासाठी नाहीच.

पण खरंच पैसे भरल्याशिवाय बोलता येत नाही का? तर येतं. फक्त कुणाशी आणि कसं, हे माहीत पाहिजे.

आधी लिंक्डइनचा नियम समजून घेऊया

2003 मध्ये सुरू झालेली आणि 2016 पासून मायक्रोसॉफ्टच्या मालकीची असलेली ही साईट माणसांची वर्गवारी करते. तुमची रिक्वेस्ट स्वीकारलेला माणूस म्हणजे फर्स्ट डिग्री. त्याच्या ओळखीतला सेकंड, त्याच्याही पलीकडचा थर्ड.

फर्स्ट डिग्रीतल्या कुणालाही फुकट मेसेज करता येतो. पैसे लागतात ते ओळख नसलेल्या माणसाला थेट गाठायला. त्या मेसेजला ‘इनमेल’ म्हणतात आणि तो प्रीमियमवाल्यांनाच मिळतो, तोही महिन्याला मोजून.

म्हणजे लिंक्डइन पैसे घेतं ते मधला माणूस टाळण्याचे. आणि मधला माणूस शोधणं कोकणाला नवीन नाही. मुंबईत गिरण्या चालू होत्या तेव्हा इथला माणूस गावाच्या खोलीवर उतरायचा आणि कुणीतरी गाववाला त्याला मुकादमापर्यंत न्यायचा. अर्जाआधी ओळख लागायची. तेच आता स्क्रीनवर करायचंय.

फुकटातले चार रस्ते

पहिला रस्ता, नोट टाकून रिक्वेस्ट. कनेक्ट करताना ‘अ‍ॅड अ नोट’ हा पर्याय येतो. फुकट अकाऊंटला अशा नोट्स महिन्याला मोजक्याच मिळतात आणि नोट 200 अक्षरांत बसवावी लागते. त्यामुळे ती दिसेल त्याला पाठवू नका.

दुसरा, कॉलेज. लिंक्डइनवर आपल्या कॉलेजचं पेज उघडा. तिथे ‘अ‍ॅल्युमनाय’मध्ये माजी विद्यार्थी कुठल्या शहरात आणि कुठल्या कंपनीत आहेत, हे गाळून बघता येतं. मालवणच्या शासकीय तंत्रनिकेतनातून डिप्लोमा झाला असेल तर तिथलाच, चार-पाच वर्षं आधी बाहेर पडलेला माणूस हा तुमचा आजचा गाववाला. अनोळखी एचआरपेक्षा तो रिक्वेस्ट स्वीकारण्याची शक्यता जास्त.

तिसरा, ग्रुप. तुम्ही दोघं एकाच ग्रुपमध्ये असाल तर कनेक्ट न होताही मेसेज रिक्वेस्ट पाठवता येते. तिलाही मर्यादा आहे, पण पैसे नाहीत.

चौथा, ओपन प्रोफाईल. काही प्रीमियमवाले आपलं प्रोफाईल सगळ्यांसाठी खुलं ठेवतात. त्यांना कुणीही फुकट मेसेज करू शकतं. म्हणून प्रीमियमची पाटी दिसली की लगेच मागे फिरू नका, एकदा ‘मेसेज’ दाबून बघा.

लिहायचं काय?

‘सर प्लीज जॉब असेल तर सांगा’ याला उत्तर येत नाही, कारण समोरच्याला उत्तर देणं अवघड असतं. त्यापेक्षा असं लिहा:

“नमस्कार सर, मी मालवण पॉलिटेक्निकची 2024 बॅचची. तुम्हीही तिथलेच. पुण्यात मेकॅनिकल डिझाइनमध्ये काम शोधतेय. सुरुवात कुठून करावी, एवढं विचारू का?”

तुम्ही कोण, दोघांत समान काय आणि हवंय काय, हे तिन्ही यात आलं. शिवाय नोकरी मागितलेली नाही, सल्ला मागितलाय. सल्ला द्यायला कुणाला साहेबांची परवानगी लागत नाही.

आणि रिक्वेस्ट घाईघाईत मागे घेऊ नका. एकदा मागे घेतली की त्याच माणसाला तीन आठवड्यांपर्यंत परत पाठवता येत नाही. सरसकट अनोळखी लोकांना पाठवत सुटलात तर अकाऊंटवर निर्बंधही येऊ शकतात.

पण दूरच्या ओळखीचा खरंच उपयोग होतो का?

होतो. 2022 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंक्डइनच्या सुमारे 2 कोटी वापरकर्त्यांवरचा अभ्यास आला होता. त्यात दिसलं की नोकरी बदलायला सगळ्यात जास्त मदत ना जिवलग मित्रांची होते, ना एकदम परक्यांची. ती होते मधल्या माणसांची, म्हणजे ज्यांच्याशी थोड्या ओळखी समान आहेत पण रोजची उठबस नाही. कारण साधं आहे. तुमच्या मित्राला माहीत असलेली नोकरी बहुतेक वेळा तुम्हालाही माहीत असते.

आता उलट बाजू

मेसेज तुम्हालाही येणार. त्यात काही फसवणारे असतात. किनाऱ्यावरच्या मुलांना बोटीवरच्या नोकरीचं आमिष दाखवणं सोपं असतं. अशा वेळी दोन गोष्टी तपासा. भारतात खलाशी भरती करणाऱ्या एजन्सीकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना लागतो, तो नंबर मागा आणि महासंचालनालयाच्या वेबसाईटवर पडताळून बघा. दुसरं म्हणजे, नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणं नियमात बसत नाही.

नोकरी कुठलीही असो, ‘व्हॉट्सअ‍ॅपवर या’ आणि मागोमाग ‘रजिस्ट्रेशन फी भरा’ असं आलं की तिथेच थांबा. पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता 1930 वर फोन करा किंवा सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार नोंदवा.

थोडक्यात काय, तर प्रीमियम घेण्याआधी आपल्या कॉलेजचं पेज उघडा आणि पाच माजी विद्यार्थी निवडा. या महिन्याच्या नोट्स त्यांच्यासाठीच ठेवा. आणि उद्या तुम्हाला नोकरी लागली की मालवणातून येणाऱ्या रिक्वेस्टला उत्तर द्यायला विसरू नका.