टोचणारी लोकर

नवी घोंगडी टोचते. पहिल्या रात्री पाठीला तिची सवय होत नाही, आणि विकणारा मात्र निवांतपणे सांगतो, "वापरा, दोन पावसाळ्यांत मऊ पडेल." त्याचं म्हणणं खरं असतं. पण दोन पावसाळे थांबायला आता गिऱ्हाईक तयार नाही. शेजारच्याच दुकानात वाघाच्या चित्राचं गुबगुबीत ब्लँकेट प्लास्टिकच्या पिशवीत भरून तयार असतं. त्या ब्लँकेटात मेंढीचा एक केसही नसतो; पण ते सहसा कुणी विचारत नाही.

घोंगडीचा केस येतो दख्खनी मेंढीच्या अंगावरून. नगर, पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि तिथून खाली कर्नाटक-तेलंगणापर्यंतचं पठार हा तिचा मुलूख. रंगाने बहुधा काळी, पायाने चिवट, खाण्यात अजिबात नखरा नाही. दिवाळीनंतर धनगराचा वाडा, म्हणजे कुटुंबं आणि कळप, कोकणाकडे किंवा चाऱ्याच्या मुलखाकडे निघतो आणि पावसाच्या तोंडी माघारी येतो. वाटेत रात्री शेतात मेंढरं बसवायची आणि लेंडीखताच्या बदल्यात शेतकऱ्याकडून धान्य किंवा पैसे घ्यायचे, हा जुना व्यवहार. असं वर्षभर चालणारं जनावर अंगावर लोकरीचं ओझं वागवत नाही. एका दख्खनी मेंढीपासून वर्षाला जेमतेम अर्धा-पाऊण किलो लोकर निघते; ऑस्ट्रेलियातली मेरिनो चार-पाच किलो सहज देते. म्हणजे दोन-अडीच किलोच्या घोंगडीत चार-पाच मेंढ्यांचं अख्खं वर्ष असतं.

आता टोचण्याचं कारण. सूक्ष्मदर्शकाखाली मेरिनोचा तंतू वीसएक मायक्रॉन जाडीचा दिसतो, दख्खनीचा त्याच्या दुपटीच्या घरात. तंतूचं टोक साधारण तीस मायक्रॉनांपेक्षा जाड असलं की ते कातडीला टेकल्यावर वाकत नाही, सरळ रुततं. शिवाय या जाड तंतूच्या गाभ्यात पोकळ पेशींची हवा भरलेली नळी असते. तिच्यामुळे रंग नीट चढत नाही, म्हणून चांगली घोंगडी मेंढीच्याच रंगाची: काळी, करडी, कडेला पांढरी पट्टी. लोकर-व्यापाराच्या भाषेत हा सगळा 'भरड माल'. प्रतवारी गळ्याभोवती गुंडाळायच्या मफलरीच्या हिशेबाने ठरली असेल, तर दुसरं काय होणार?

घोंगडी मफलरीसाठी नव्हतीच. उघड्या माळावर पावसात उभ्या राहणाऱ्या माणसासाठी ती होती. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओलावा पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. हा ओलावा शोषताना ती थोडी उष्णताही सोडते. तंतूचा बाहेरचा थर खवल्यांचा आणि ओशट, त्यामुळे थेंब आधी घरंगळतात. मग तंतू फुगतात आणि विणीतली छिद्रं आवळली जातात. डोक्यावरून घोंगडीची खोळ घेऊन आडोशाला उभा राहिलेला मेंढका हे सगळं विज्ञान पांघरून उभा असतो. शिवाय लोकर सहजी पेट घेत नाही. चुलीपाशी किंवा शेकोटीजवळ झोपणाऱ्याला याचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

हे कापड घडवायला दोन समाज लागत. मेंढरं आधी ओढ्यात धुवायची, मग लोखंडी कातरीने कातरायची. कोकराची पहिली कातरणी म्हणजे जावळ. त्याची लोकर सगळ्यांत मऊ आणि जावळाची घोंगडी सगळ्यांत महाग. लोकर पिंजून पेळू करायचे आणि चरख्यावर सूत काढायचं, हे काम बहुतेक बायकांचं. पुढे सूत सणगर विणकराच्या हाती जातं. कोल्हापुरात आजही सणगर गल्ली आहे. माणदेशात म्हसवडसारख्या गावाने घोंगडीवर आणि जेन या जाड लोकरी अंथरणावर नाव कमावलं. ताणा, म्हणजे उभं सूत, गल्लीतच पसरतात आणि त्याला चिंचोक्याची खळ देतात. चिंचोके भाजून, भिजवून, वाटून, शिजवलेली ही लापशी मोठ्या कुंच्याने सुतावर ओढली की सुटे केस चिकटून बसतात आणि खड्डामागावर धागा तुटत नाही. खळीमुळेच नवी घोंगडी पुठ्ठ्यासारखी ताठ असते. विकणारा ज्या दोन पावसाळ्यांची गोष्ट करतो, त्यांत ही खळ धुऊन निघते.

घोंगडीने सांधेदुखी जाते, रक्तदाब उतरतो, साप जवळ येत नाही, अशा जाहिराती हल्ली फार दिसतात. त्यांच्यावर विश्वास ठेवायला मला काही आधार सापडत नाही. दुखऱ्या पाठीला ऊब बरी वाटते, एवढं पुरे की! घोंगडीचे खरे गुण कमी नाहीत, त्यात ही भर कशाला?

लोकरीने विज्ञानाला काय दिलं, ते मात्र फारसं सांगितलं जात नाही. इंग्लंडमधलं लीड्स हे लोकरगिरण्यांचं शहर. तिथे विल्यम ॲस्टबरी यांनी १९३०च्या दशकात लोकरीच्या तंतूवर क्ष-किरण टाकले. ताणलेल्या आणि सैल तंतूंची चित्रं वेगळी निघाली, तेव्हा प्रथिनाची साखळी घडीत राहते आणि ओढली की उलगडते, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्याच शहरातल्या लोकर संशोधन संस्थेत आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज लोकरीतली अमिनो आम्लं वेगळी करण्याच्या खटपटीत होते. त्यातून १९४१ साली मिश्रणातले घटक वेगळे करणारी विभाजन वर्णलेखनाची पद्धत निघाली आणि १९५२ साली दोघांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आज औषधाची शुद्धता तपासणाऱ्या प्रयोगशाळा ज्या पद्धती वापरतात, त्यांच्या पूर्वजांत मेंढीचा केस आहे.

आपल्याकडे लोकरउद्योगाचा जुना पत्ता म्हणजे ठाणे. १९२५ साली तिथे रेमंडची गिरणी सुरू झाली, ती आधी ब्लँकेटं विणायची. १९४४ साली सिंघानिया घराण्याने ती घेतली आणि पुढे लग्नातल्या सुटाशी तिचं नाव कायमचं जोडलं गेलं. लोकर संशोधन संस्थाही ठाण्यातच. पण सुटाची तलम लोकर येते समुद्रापलीकडून. माणदेशातली काळी लोकर तीनशे किलोमीटरवरच्या या गिरणीच्या कामाची नव्हती.

मग मेंढीच बदलू, असं सरकारला वाटलं. मेरिनो आणि रॅम्बुले या परदेशी जातींचे नर आणून संकर झाले. तलम लोकरीचं हे जनावर सरकारी प्रक्षेत्रावर ठीक होतं. दुष्काळी माळ तुडवत, बाभळीच्या काट्यांतून वर्षभर चालायचं त्याला कसं जमावं? धनगरांनी ते फारसं आपलं केलं नाही.

धनगराने बदल केला तो स्वतःच्या हिशेबाने, आणि तो उलट्या दिशेचा होता. मटणाचा भाव चढत गेला, लोकरीचा बसला. कितीतरी ठिकाणी कातरणाऱ्याची मजुरीही लोकरीतून सुटत नाही, तेव्हा कातरलेली लोकर बांधावरच टाकून वाडा पुढे निघतो. जत तालुक्यातली माडग्याळ मेंढी उंच, बाकदार नाकाची, वजनाला भरणारी. तिच्या अंगावर लोकर जवळजवळ नाहीच. तिला कातरावंच लागत नाही, हाही आता गुणच. फलटणच्या निंबकर संस्थेने सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचं जुळी देणारं जनुक दख्खनीत आणून 'नारी सुवर्णा' तयार केली. हे काम उत्तमच; पण त्यातही मोजमाप कोकरांचं, लोकरीचं नाही. यात धनगराला दोष देण्यासारखं काही नाही. परंपरा जपायला त्याला सांगणारे आपण घोंगडी घेताना घासाघीस करतो.

लोकरीचा मान उरला आहे तो देवापाशी. दसरा-दिवाळीच्या दरम्यान कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडारा-खोबऱ्याबरोबर लोकरही उधळतात. पंढरीच्या विठ्ठलाचं मूळ धनगर-गवळ्यांच्या याच देवात संशोधक रा. चिं. ढेरे यांनी शोधलं. अलीकडे एक मान पडद्यावरही मिळाला: २०२५ साली फ्रान्समधल्या आन्सी ॲनिमेशन महोत्सवात सुरेश एरियत यांच्या 'देसी ऊन' या छोट्या चित्रपटाला पारितोषिक मिळालं. त्यातल्या बाहुल्या आणि डोंगर दख्खनी लोकरीचेच आहेत.

घोंगडी घ्यायचीच असेल तर कडेचा एक धागा ओढून काडी लावून बघा. केस जळल्याचा वास आला, काडी दूर करताच धागा विझला आणि राख चिमटीत चुरली, तर लोकर खरी. वितळून कडक मणी झाला, तर ॲक्रिलिकसारखा कृत्रिम धागा. घरी आणल्यावर वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका. खवले एकमेकांत अडकून घोंगडी आटते आणि ती पुन्हा पसरत नाही. गार पाण्यातून काढून सावलीत वाळवा. पावसाळ्यानंतर कडक ऊन दाखवून कडुनिंबाच्या पाल्यात घडी घाला, कारण कसरीला भरड आणि तलम यांतला फरक कळत नाही.