आष्टीचा अविनाश, परतूरहून पाहताना

परतूर तालुक्यात आष्टी नावाचे मोठे गाव आहे आणि बीड जिल्ह्यात त्याच नावाचा तालुका. त्यामुळे १ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसचे सुवर्णपदक आष्टीच्या अविनाश साबळेने जिंकल्याची वार्ता आली, तेव्हा आम्हां परतूरकरांना क्षणभर तो आपल्याच शिवारातला वाटला, आणि तो मौजे मांडव्याचा, बीडकडचा, हे ध्यानात आल्यावरही ती आपुलकी उणावली नाही.

आज मागे वळून पाहताना या मुलाच्या अंगच्या गुणांइतकीच त्याची अस्वस्थता मला लक्षणीय वाटते. अल्पभूधारक घरात १९९४ साली जन्मलेला, शाळेसाठी लहानपणापासून मैलोगणती वाट तुडवणारा हा मुलगा बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये रुजू झाला, सियाचीनच्या हिमात आणि राजस्थानच्या वाळवंटात तैनातीवर राहिला, आणि शर्यतींकडे वळला तो २०१५ साली, क्रॉसकंट्रीच्या वाटेने. प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या प्रेरणेने त्याने २०१७ मध्ये स्टीपलचेस पत्करली. मग राष्ट्रीय शिबिरात बेलारूसच्या निकोलाय स्नेसारेव यांच्या हाताखाली दाखल झाला, तेथील कठोर दिनक्रम न मानवल्याने पुन्हा अमरीश कुमारांकडे परतला, आणि २०१८ची आशियाई स्पर्धा त्याला हुकली. अशा मुलाच्या पायाला भिंगरी आहे, याचे कोठे बूड टेकत नाही, असे म्हणून आपण त्याला निकालात काढतो. परंतु त्याच वर्षी भुवनेश्वर येथे त्याने ८ मिनिटे २९.८० सेकंदांची नोंद करून गोपाल सैनी यांचा सदतीस वर्षे अबाधित राहिलेला राष्ट्रीय विक्रम मोडला.

ही शर्यत मुळी एकसुरी चालीच्या माणसाची नव्हेच. अठ्ठावीस अडथळे आणि सात पाणउड्या, अडथळा ९१.४ सेंटिमीटर उंच आणि इतका जड की पाय लागला तर तो नव्हे, धावणाराच पडतो. पाण्यापाशी आडव्या लाकडावर एक पाऊल रोवून झेप घ्यावयाची, आणि भिजल्या बुटांनी, मोडलेली लय दर फेरीस नव्याने सांधावयाची.

मधल्या काळात त्याने पाच हजार मीटर आणि अर्धमॅरेथॉनचेही राष्ट्रीय विक्रम केले. राष्ट्रकुल स्पर्धेत १९९८ पासून केनियाने या शर्यतीचे एकही पदक परक्या हाती जाऊ दिले नव्हते. २०२२ साली बर्मिंगहॅमला अब्राहम किबिवोटच्या मागे अवघ्या पाच शतांश सेकंदांनी साबळेने रौप्यपदक घेतले. पुढे २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत तो अकरावा आला, आणि ते अकरावे स्थानही मी मोलाचे मानतो.

आपल्याकडे भरतीची मुले पहाटे सडकेने धावतात ती पोलीस भरतीच्या सोळाशे मीटरांसाठी. त्यांतला एखादा आज लांब पल्ला, उद्या उडी, परवा तालीम, असा भटकताना दिसला, तर गुरुजनांना माझी विनंती आहे की त्याचे नाव वहीतून खोडू नका. नावापुढे त्या दिवसाची वेळ तेवढी लिहून ठेवा.