आईची मांडी आणि धावती मोटार

रविवारची सकाळ असते. बाप्तिस्म्याचा विधी नुकताच आटोपलेला असतो. शुभ्र झबले घातलेले बाळ धर्ममातेच्या हातांतून आजीकडे आणि आजीकडून आईच्या कुशीत जाते. देवळाच्या आवारात मोटार उभी असते. वडील चाक हाती घेतात. त्यांच्या शेजारी आई बाळाला मांडीवर घेऊन बसते. मागे आजी, आत्या, मामा आणि चार पोरे दाटीवाटीने बसतात. सर्वांचा निरोप घेऊन गाडी फाटकाबाहेर पडते. हे दृश्य इतके मंगल आणि इतके परिचयाचे आहे, की त्यात काही चुकते आहे असे कोणाच्या मनातही येत नाही. तथापि, प्रिय वाचकहो, त्या गाडीतील सर्वांत लहान प्रवासी हाच सर्वांत अधिक धोक्यात असतो. आणि जी जागा आपण जगातील सर्वांत सुरक्षित समजतो, नेमक्या त्याच जागी तो धोक्यात असतो.

घरात आईच्या मांडीसारखे आश्रयस्थान नाही, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु धावत्या मोटारीला ममता कळत नाही. ताशी 50 किलोमीटर वेगाने चाललेली गाडी झाडावर आदळली, तर गाडी तेथेच थांबते. आत बसलेली माणसे मात्र त्याच वेगाने पुढे जात राहतात. हा वेग म्हणजे सुमारे 10 मीटर उंचीवरून पडणारी वस्तू जमिनीवर ज्या वेगाने आपटते, तो वेग होय. परसातील उंच माडाच्या शेंड्यावरून, बाळाला उराशी घट्ट धरले आहे एवढ्या भरवशावर, कोणती माता उडी घेईल? वर्षाच्या बाळाचे वजन 10 किलोच्या आसपास असते. अशा वेळी सेकंदाच्या विसाव्या भागात त्याला थांबवावयाचे झाल्यास हातांवर सुमारे 280 किलोंचा भार येतो. म्हणजे 50 किलोंची साडेपाच पोती! तेव्हा बाळ हातांतून सुटते ते माया कमी पडली म्हणून नव्हे, तर मनुष्याच्या हातांत तेवढे बळच नाही म्हणून. आईने स्वतः पट्टा बांधलेला नसेल, तर तिच्या देहाचा सगळा भार बाळावर पडतो. कित्येक जण मायलेकरांभोवती मिळून एकच पट्टा आवळतात. तोही घातकच, कारण आईचा देह आणि पट्टा यांच्यामध्ये बाळ चिरडले जाते.

पुढची जागा मुलांची नव्हे

हल्लीच्या गाड्यांत पुढे एअरबॅग असते. ती मोठ्यांचे प्राण वाचविते, परंतु निमिषार्धात अत्यंत जोराने फुगते, आणि तिचा तडाखा कोवळ्या मानेला सोसत नाही. 2024 च्या डिसेंबरात नवी मुंबईतील वाशी येथे पुढच्या आसनावर बसलेला सहा वर्षांचा मुलगा एअरबॅगच्या आघाताने दगावला. म्हणून मुलांनी मागेच बसावे. बारा-तेरा वर्षांपर्यंत हा नियम मोडू नये. मागच्या बाजूला तोंड करून बसविण्याची बाळाची खुर्ची तर चालू एअरबॅगसमोर कदापि ठेवू नये.

मागे बसले म्हणजे पट्ट्याची गरज संपली, असाही एक गोड गैरसमज आहे. 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी मृत्यू पावले. दोघेही मागच्या आसनावर होते आणि दोघांनीही पट्टा बांधला नव्हता. पुढे बसलेले दोघे जखमी झाले, पण वाचले. शिवाय मागे मोकळा बसलेला मनुष्य पुढच्यावर जाऊन आदळतो. आजोबांनी पट्टा बांधणे हे नातवाच्याही रक्षणासाठी आहे.

बाळाची स्वतःची खुर्ची

आज आपण वापरतो तो खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा पट्टा स्वीडनच्या व्होल्व्हो कंपनीतील निल्स बोलिन या अभियंत्याने 1959 मध्ये सिद्ध केला, आणि त्या कंपनीने तो इतरांनाही खुला ठेवला. परंतु हा पट्टा प्रौढ देहाच्या मापाचा आहे. लहान मुलाच्या तो गळ्यावर आणि पोटावर येतो. म्हणून मुलांसाठी निराळे आसन लागते. त्याला चाइल्ड सीट म्हणतात. ती गाडीच्या पट्ट्याने अथवा गाडीतच बसविलेल्या लोखंडी कड्यांना घट्ट जोडतात.

अगदी लहान बाळाचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूस असावे. तान्ह्या बाळाचे डोके त्याच्या लांबीच्या जवळजवळ चौथा हिस्सा असते आणि मान नाजूक असते. गाडी समोर आदळली म्हणजे अशा खुर्चीची पाठ बाळाचे डोके, मान आणि पाठ एकत्र सावरून धरते. निदान सव्वा वर्षापर्यंत, आणि खुर्चीत मावेल तोवर त्याहूनही पुढे, मुलाला असेच बसवावे. त्यानंतर पुढे तोंड करून, खांदे, कंबर आणि मांड्यांमधून येणाऱ्या पाच टोकांच्या पट्ट्यात त्याला बांधावे. तेही आसन लहान होऊ लागले की उंच बैठक द्यावी, म्हणजे मोठ्यांचा पट्टा योग्य जागी येतो. उंची सुमारे 145 सेंटिमीटर झाली, पट्टा खांद्याच्या मध्यावरून आणि कमरेच्या हाडांवरून जाऊ लागला आणि गुडघे आसनाच्या कडेवर नीट वाकू लागले, म्हणजे उंच बैठक काढावी. पट्टा सैल नसावा. त्याची चुणी चिमटीत धरता आली, तर तो सैल आहे असे समजावे. दुपटे पट्ट्याच्या आत न घालता वरून पांघरावे.

खर्चाचा प्रश्न येतो, हे मी जाणतो. परंतु आपल्या गावांत एक पाळणा चार घरांतील मुले वाढवितो. मग एका खुर्चीने तेच का करू नये? पाहावयाचे एवढेच, की तिच्यावर एआयएस 072 अथवा संयुक्त राष्ट्रांच्या नियमाची खूण असावी, आणि ती कोणत्याही अपघातातून गेलेली नसावी. बाहेरून धड दिसणारी खुर्चीही आतून तडकलेली असू शकते.

काही सवयी, काही विसर

वडिलांच्या मांडीवर बसून चाक फिरविणारा मुलगा, छताच्या झरोक्यातून उभे राहून वारा खाणारी मुलगी, दोन आसनांच्या मध्ये उभे राहून समोर पाहणारे पोर: यांचे आपण कौतुक करतो. हे कौतुक थांबले पाहिजे. मागच्या दारांचे बाल-कुलूप लावून ठेवावे. गाडी मागे घेण्यापूर्वी खाली उतरून अंगणातील मुले कोठे आहेत, हे पाहावे.

2024 च्या नोव्हेंबरात जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांचे दर्शन सुरू झाले. त्या सोहळ्याला बेळगाव भागातील किती तरी कुटुंबे भाड्याच्या गाड्यांतून चोर्ला घाटाने गेली. अशी गाडी ठरविताना आपण भाडे विचारतो, वेळ विचारतो. मागे पट्टे आहेत काय, हेही विचारावे. सात आसनांच्या गाडीत बारा जण कोंबू नयेत. घाटातील वळणावर वेग कमी करण्यास चालकाला सांगताना भीड बाळगू नये.

आणि थांबलेली गाडीही निरुपद्रवी नसते. उन्हात बंद ठेवलेल्या मोटारीतील उष्णता दहा मिनिटांत सुमारे 10 अंशांनी वाढू शकते, आणि लहान मुलाचे शरीर मोठ्यांपेक्षा फार लवकर तापते. 2023 च्या जूनमध्ये नागपुरात खेळता खेळता उभ्या गाडीत अडकलेली तीन बालके मरण पावली. तेव्हा ‘दोनच मिनिटांत येतो’ असे म्हणून मुलाला गाडीत ठेवू नये. अंगणातील गाडी कुलूपबंद असावी आणि किल्ली मुलांच्या हाती लागू नये. मूल दिसेनासे झाले, तर विहिरीबरोबर गाडीतही आधी पाहावे.

चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याने अथवा योग्य आसनात बांधणे 1 सप्टेंबर 2019 पासून कायद्यानेही बंधनकारक झाले असून, न बांधल्यास दंड आहे. पण मातापित्यांनो, पावतीच्या भीतीने बांधलेला पट्टा पोलीस दृष्टीआड होताच सुटतो. समजून बांधलेला पट्टा शेतापर्यंतच्या दोन किलोमीटरांतही सुटत नाही. मूल पहिले काही दिवस रडेल, आजी रागावेल, ‘आमची मुले अशीच वाढली’ असे कोणी म्हणेल. ती वाढली हे खरे; परंतु त्या वेळी वाटेवर बैलगाडी होती, आणि तिचा वेग चालत्या माणसाएवढाच होता.

नवी गाडी घेतली की कित्येक जण ती आशीर्वादासाठी देवळाच्या दारी आणतात. मी आनंदाने आशीर्वाद देतो. यापुढे मात्र पवित्र पाणी शिंपडण्यापूर्वी मी मागचे दार उघडून पाहणार आहे, आणि विचारणार आहे: यात बाळाची जागा कोठे आहे?