साखरेवरचा बर्फ

'हिमस्खलन' हा शब्द मी शाळेत असताना भूगोलाच्या पुस्तकातून पाठ केला होता. हिम म्हणजे बर्फ आणि स्खलन म्हणजे घसरणं. परीक्षेत दोन मार्क मिळाले, पण तोपर्यंत मी बर्फ पाहिला होता तो फक्त उसाच्या रसात! डोंगरावरून बर्फाचा एक मोठा गोळा गडगडत येतो, असंच मला वाटायचं. कार्टूनमध्ये तसंच दाखवतात ना! नोकरीसाठी कोलोरॅडोत आलो, तेव्हा कळलं की खरी गोष्ट वेगळीच आहे.

हिवाळ्यात बर्फ अनेक वेळा पडतो आणि त्याचे थर साचतात. कोलोरॅडोत सुरुवातीचा थर बऱ्याचदा पातळ असतो. त्याच्या खालची जमीन शून्य अंशाच्या आसपास असते, पण वरची हवा फारच थंड असते. त्यामुळे खालच्या बर्फाची वाफ वर सरकते आणि वरच्या कणांवर गोठते. कण मोठे आणि टोकदार होतात, आणि एकमेकांना चिकटत नाहीत. हातात घेतलं तर साखरेसारखे ओघळतात. पुढे मोठं वादळ येतं आणि या साखरेवर नव्या बर्फाचा जड, घट्ट थर बसतो.

हे घरी करून बघा (आईबाबांना विचारून, कारण ओट्यावर पसारा होतो). ट्रेमध्ये जाड टॉवेल अंथरा. त्यावर गव्हाचं पीठ दाबून बसवा, मग साखर पसरा, मग पुन्हा पीठ घालून हलकेच दाबा. आता ट्रे एका बाजूने हळूहळू उचला. आधी काहीच होत नाही. मग अचानक तडा जातो आणि वरचा थर सरकतो.

डोंगरावर हा धक्का कोण देतं? बहुतेक वेळा तिथे गेलेला माणूसच! जे लोक हिमस्खलनात सापडतात, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या बाबतीत बर्फ त्यांच्या स्वतःच्या किंवा सोबत्याच्या वजनाने सुटलेला असतो. साधारण ३० ते ४५ अंशांचे उतार सगळ्यात धोक्याचे. घरातला जिना आठवा, त्याची चढण जवळपास तेवढीच असते.

कोलोरॅडोत हिवाळ्यात रोज धोक्याचा अंदाज जाहीर होतो. त्यात १ ते ५ अशा पायऱ्या असतात. पाचपैकी तीन म्हणजे मधला, चालतंय की, असं आपल्याला वाटतं. इथेच लोक फसतात. ३ चा अर्थ असा, की माणसाच्या वजनाने बर्फ सुटण्याची बरीच शक्यता आहे. ४ असेल तर पुष्कळ लोक घरी थांबतात, पण ३ ला निघतात.

२० एप्रिल २०१३ ला लव्हलँड पासजवळ सहा जण निघाले होते. त्या दिवशी धोका ३ होता. त्यांच्याजवळ सुरक्षेचं सामान होतं. ते उताराच्या खालच्या भागातून चालले होते, तरी वरचा अख्खा उतार सुटला, कारण तळाचा कमकुवत थर खालून वरपर्यंत पसरलेला होता. सहाही जण त्यात सापडले. पाच जण गेले.

म्हणून अशा उताराखालून जाताना एका वेळी एकानेच जायचं, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून बघायचं. प्रत्येकाजवळ सिग्नल देणारं यंत्र, बर्फात खुपसायची लांब काठी आणि फावडं हवं. गाडलेल्या माणसाला पहिल्या १०-१५ मिनिटांत बाहेर काढलं तर तो वाचण्याची आशा चांगली असते, नंतर ती झपाट्याने कमी होते. बाहेरची मदत क्वचितच इतक्या लवकर पोचते. सोबत्यांनीच खणायचं असतं.

आणि कान उघडे ठेवा. चालताना कधी पायाखालून 'धप्प' असा आवाज येतो आणि बर्फ किंचित खाली बसतो. तो आतला साखरेचा थर मोडल्याचा आवाज. तो ऐकला की फोटोबिटो काढत थांबू नका. उतारापासून लांब, सपाट वाटेने परत फिरा.