रबराने काढलेला उजेड

शासकीय रेखाकला परीक्षा जवळ आली की अमरावतीच्या राजकमल चौकात काय नि अकोल्याच्या गांधी रोडवर काय, स्टेशनरीच्या दुकानांत एकच गर्दी उसळते. एलिमेंटरीवाले, इंटरमिजिएटवाले, त्यांच्यासोबत आलेले आईबाप. पेन्सिल २बी घ्यावी की ४बी, ब्रश गोल की चपटा, रंग कोणत्या कंपनीचे, यावर दहा-दहा मिनिटं खल होतो. रबराची पाळी आली की मात्र सगळे एका सुरात म्हणतात, ‘द्या कोणतंही!’

या ‘कोणतंही’ने आजवर किती चांगली चित्रं बिघडवली असतील, कोण जाणे. कला संचालनालयाच्या (स्थापना १९६५) या परीक्षांत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांचं बरंचसं काम शेवटी रंगात होतं. त्यामुळे खाली पेन्सिलीने काय केलं, काय खोडलं, हे रंगाखाली दडेल असं पोरांना वाटतं. होतं नेमकं उलटं. चित्रकलेच्या कागदावर खळ असते. खरखरीत रबराने जोरात घासलं की ती खळ निघते, तंतू उभे राहतात आणि त्या जागी पाण्याचा रंग जास्त शोषला जातो. मडक्याच्या गळ्याशी नको तिथे काळपट डाग उमटतो, आणि पोरगं दोष देतं रंगाला.

रबराचं काम तसं सोपं आहे. पेन्सिलीच्या शिशात शिसं नसतं, ग्राफाइट आणि चिकणमाती असते. ग्राफाइटचे कण कागदाच्या तंतूंत अडकतात, आणि घासताना ते कागद सोडून रबराला चिकटतात. रबर येण्यापूर्वी युरोपात हे काम पावाचा मऊ गर करत असे. १७७० मध्ये जोसेफ प्रीस्टली या शास्त्रज्ञाने यथार्थदर्शनावरच्या आपल्या पुस्तकात लंडनच्या एडवर्ड नेर्न याच्या दुकानात मिळणाऱ्या रबराच्या तुकड्याची नोंद केली. अर्ध्या इंचाचा चौकोनी तुकडा, किंमत तीन शिलिंग. त्या काळी ही चैनच होती. शिवाय ते कच्चं रबर उन्हात चिकट होई नि थंडीत कडक; अकोल्याच्या मे महिन्यात त्याचं एका दुपारीच पिठलं झालं असतं. १८३९ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला गंधक आणि उष्णता वापरून रबर टिकाऊ करण्याची युक्ती सापडली, तेव्हा कुठे ते भरवशाचं झालं.

आज दुकानात मागितल्यावर हाती पडतं ते बहुतेक वेळा पांढरं प्लास्टिक रबर. नटराज, अप्सरा, कॅमलिन, फेबर-कॅसल, स्टेडलर, सगळ्यांची असतात. यांतली बरीचशी पीव्हीसीची असून त्यात मऊपणासाठी तेलकट द्रव मिसळलेला असतो. घासताना रबर स्वतः झिजतं, ग्राफाइट आपल्या चुऱ्यात गुंडाळतं आणि दर वेळी नवी स्वच्छ बाजू पुढे येते. ‘नॉन-डस्ट’ किंवा ‘डस्ट-फ्री’ लिहिलेल्या प्रकारात हा चुरा पसरत नाही, त्याच्या लांबट वळ्या होतात. ठसठशीत रेघ साफ पुसायला, भूमितीच्या रचनेतल्या जादा रेषा काढायला याच्याइतकं चोख काही नाही.

वऱ्हाडात मात्र याच रबराची एक खोड आहे. अकोल्याचा पारा मे महिन्यात पंचेचाळिशी ओलांडतो, आणि त्या उष्म्यात मऊपणा आणणारा तो द्रव बाहेर झिरपू लागतो. कंपासपेटीच्या प्लास्टिकला, पारदर्शक पट्टीला रबर डकतं, पट्टीवर त्याचा चौकोनी खड्डाच उमटतो. रबराभोवती कागदाचं वेष्टण असतं ते शोभेला नव्हे. ते या चिकटण्यापासून वाचवतं. पोरं पहिल्याच दिवशी ते फाडून टाकतात!

रंगीत, सुवासिक, फळांच्या नि गाड्यांच्या आकाराची रबरं चित्रकलेच्या टेबलावरून थेट धाकट्या भावंडाच्या दप्तरात जावीत. त्यातली अनेक खोडण्यापेक्षा फासतात जास्त. अर्धं तांबडं-अर्धं निळं रबरही चित्राच्या कामाचं नाही. निळ्या बाजूने शाई जाते या श्रद्धेपोटी पिढ्यान्‌पिढ्या वह्यांना भोकं पडली. त्या बाजूत खरवडणारी बारीक भुकटी असते. ती शाई पुसत नाही, शाईसकट कागद सोलते. थुंकी लावल्याने त्यात काही सुधारणा होत नाही.

खरी गंमत आहे ती निडेबल रबरात. करड्या रंगाची ही वडी कणकेसारखी मळता येते. साध्या रबरापेक्षा महाग असते आणि अमरावती-अकोल्यातही ती प्रत्येक दुकानात मिळेलच असं नाही. कलासाहित्याच्या दुकानात विचारावं लागतं. ती घासायची नसते, दाबून उचलायची असते. चुरा पडत नाही, खळ शाबूत राहते, आणि मुख्य म्हणजे छटा पूर्ण जात नाही, हवी तेवढीच उतरते. चिमटीत टोक काढलं की डोळ्यातला उजेडाचा ठिपका टिपता येतो, चपटी करून फिरवली की अख्खं आभाळ एका दमात फिकं होतं. चारकोललाही हीच बरी.

बाळापूरची छत्री काढायला बसलेल्या माणसाला याचा अर्थ लगेच कळेल. मिर्झाराजे जयसिंगांच्या नावाने ओळखली जाणारी ती काळ्या दगडाची इमारत. सावली तर ६बीने दाट भरता येते. पण खांबांच्या कडांवर पडलेलं तिरपं ऊन कोणती पेन्सिल काढणार? आधी सगळा दगड गडद करायचा आणि उन्हाच्या कडा निडेबलने उचलायच्या. नरनाळ्याच्या महाकाली दरवाज्याची गोष्ट निराळी. पंधराव्या शतकाच्या अखेरीचा तो दरवाजा पांढरट वालुकाश्मात कोरलेला आहे. तिथे कागदाचाच पांढरा राखून ठेवावा लागतो, आणि जाळीच्या नक्षीतले बारीक प्रकाश काढायला पेनसारखं दट्ट्याचं रबर लागतं. जपानी टोंबो कंपनीच्या ‘मोनो झीरो’चं गोल टोक अवघं २.३ मिलिमीटर जाड असतं. एवढा खर्च नको असेल तर साधं प्लास्टिक रबर ब्लेडने तिरपं कापावं. ताजी धारदार कड जवळपास तेच काम करते. एक टोक मळलं की पुढची चकती कापायची.

निडेबललाही मर्यादा आहेत. दाबून काढलेली एचबीची रेघ ती पुसू शकत नाही. टोकदार पेन्सिलीने कागदात चर पडला असेल तर कोणत्याच रबराचा इलाज नाही. वरून शेडिंग केलं की तो चर पांढरा होऊन दिसतो. म्हणून कच्चं रेखाटन हलक्या हाताने करावं, हे ड्रॉइंगच्या सरांचं पालुपद खरं आहे. उन्हाळ्यात ही वडी फार मऊ, चिकट होते. ती झाकणाच्या डबीत, सावलीत ठेवावी. धुऊन ती स्वच्छ होत नाही. मळत राहायची आणि पार काळी पडली की टाकून द्यायची.

चुरा तळहाताने झाडण्याची सवय घामाच्या दिवसांत सगळ्यांत महाग पडते. ओलसर तेलकट हात ग्राफाइट पसरवतो आणि तेलाचा ठसा पुढे रंग धरत नाही. एक जुना कोरडा ब्रश त्यासाठी वेगळा ठेवावा.

निवड करायची झाली तर परीक्षार्थीने दोन रबरं घ्यावीत: एक वेष्टणासकट पांढरं प्लास्टिकचं, आणि एक निडेबल. पैसे एकापुरतेच असतील तर पांढरं. पण घेतल्यावर घरी ज्या कागदावर सराव करता त्यावर एचबी, २बी आणि ६बीचे पट्टे ओढा, दोन्ही रबरांनी ते आडवे खोडा, आणि खोडलेल्या जागी पुन्हा शेडिंग करून, वर पाण्याच्या रंगाचा एक फिका हात देऊन पाहा. ज्या रबराने खोडलेल्या जागी डाग उठेल ते परीक्षेला नेऊ नका.